देवीचं बोट

"वाक की अजून! पोराच्या कानात सांगायचंय, गल्लीला न्हाई," आई मागून म्हणाली आणि जमलेल्या बायका हसल्या.

मी पाळण्यावर आणखी वाकले. एकुलत्या एका भावाचं पहिलं मूल आणि त्याची मी एकुलती एक आत्या, तेव्हा नाव ठेवायचा मान माझा आणि ठेवून झालं की पाठीत बुक्के खायचा मानही माझाच. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन मी 'कुर्रर्र' केलं आणि 'ईशान' म्हणाले. लगेच मागून धपाधप बुक्के पडले. माझा तोल गेला, गाल बाळाच्या डोक्याला टेकला आणि तसाच टेकलेला राहिला.

गालाखाली काहीतरी थरथरत होतं. इचलकरंजीतलं आमचं घर यंत्रमागांच्या शेडला लागून आहे. मधल्या भिंतीला हात लावला की पलीकडे माग चालू आहेत की बंद, हे आम्हाला लहानपणापासून कळतं. तशीच ती थरथर होती. बारशासाठी माग बंद ठेवले होते म्हणून मला ती कळली तरी.

"झोपलीस का गं तिथंच?" आईनं विचारलं.

"आई, ह्याच्या डोक्यात काहीतरी हलतंय. हात लावून बघ."

"टाळू असती ती. बारा दिवसांच्या पोराची न्हाई हलणार तर काय तुझी हलंल?"

पुन्हा हशा झाला. आमची आई, इंदुमती तिचं नाव, चारचौघीत अशी बोलली की तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. त्या दिवशी तर ती हवेतच होती. कारण नातू नुसता नातू नव्हता, तो देवीचं बोट घेऊन आला होता.

हे बोट काय ते सांगते. आमच्या घराण्यात काही जणांच्या अंगावर जन्मापासून लाल खूण असते. बोटाच्या पेराएवढी, कुणाला एक, कुणाला चार. भोवती फिकट कडं असतं. हात लावला तर तेवढी जागा बाकीच्या अंगापेक्षा गरम लागते. चौंडेश्वरीनं जाताजाता बोट लावलं, म्हणून ती जागा गरम, जागृत, असं आजी सांगायची. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या मानेवर ते होतं. उमेशच्या, माझ्या भावाच्या, पाठीवर आहे आणि माझ्या दंडावर. ज्याच्या अंगावर बोट त्याचं बारसं देवीसमोरच करायचं, म्हणून तर बाराव्या दिवशीच्या ओल्या बाळंतिणीला गडहिंग्लजहून, तिच्या माहेरहून, जीपमधून इकडे आणवलं होतं. आणि दुसरा नियम असा की बोट परक्याला दाखवायचं नाही, सांगायचंही नाही. सांगितलं की देवी निघून जाते. म्हणून माझ्या ब्लाउजच्या बाह्या कायम कोपरापर्यंत. मी शिवणकाम करते, गावभर बायकांना बिनबाह्यांची फॅशन शिवून देते, पण स्वतःची बाही कधी बोटभर वर घेतली नाही.

ईशानच्या पोटरीवर ते होतं. आईनं आधीच त्यावर हळदकुंकू थापून टाकलं होतं. घरात होत्या तेवढ्या म्हाताऱ्या त्याच्या पायाला हात लावत आणि तो हात कपाळाला लावत.

घुगऱ्या वाटून झाल्यावर मी आतल्या खोलीत गेले. वृषाली, माझी भावजय, भिंतीला टेकून बाळाला पाजायला बघत होती.

"अक्का, हा दूध ओढत न्हाई. दोन घोट घेतला की दमतो. आणि हे बघा."

बाळाचं कपाळ घामानं डबडबलं होतं. जानेवारीचे दिवस. आम्ही स्वेटर घालून बसलेलो आणि ते बाळ दूध पिताना घामाघूम होत होतं. कानशिलावर निळ्या शिरा टरारून आल्या होत्या, छाती भात्यासारखी हलत होती.

"आईंना सांगितलं तर म्हणतात, पहिलटकरणीला सगळंच जगावेगळं दिसतं."

"सांगितलं तेच सांगतो," आई दारातून म्हणाली. "पर त्याला काय झालंच तर त्याचं कारण मला ठाव हाय. गिराणात कांड्या भरत बसलीस, कात्री चालवलीस. नको नको म्हणत हुतो मी."

वृषालीनं मान खाली घातली. ती तिसऱ्या महिन्यात असताना ग्रहण लागलं होतं, ऑर्डर तातडीची होती आणि कामगार बाई आली नव्हती. उमेशनंच तिला मागावरच्या सुताच्या कांड्या भरायला बसवलं होतं. ते मात्र आईला आठवत नव्हतं.

"कात्रीचं मागनं बघू," मी म्हणाले. "आधी ह्याला मिरजेला नेते."

"बारशादिवशी दवाखाना?"

"हो, बारशादिवशी दवाखाना."

आई माझ्यावर चिडली, पण जीपमध्ये येऊन बसली. नातवाला ती नजरेआड होऊ देणार नव्हती.

मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉ. बिराजदार म्हणून लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, मग चक्क डोक्याला लावला. कितीतरी वेळ त्या ऐकत राहिल्या.

"ह्याच्या डोक्यात थरथर आहे, हे पहिल्यांदा कुणाला कळलं?"

"मला. नाव ठेवताना."

त्यांनी नळ्या माझ्या कानात घातल्या. सूऽऽ सूऽऽ असा आवाज येत होता, नळाला हवा आल्यासारखा, आणि प्रत्येक ठोक्याला वाढत होता. बारा दिवसांच्या जिवाच्या डोक्यात एवढा आवाज असू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. हृदयाकडून रक्त घेऊन येणाऱ्या नळ्या आणि परत नेणाऱ्या शिरा यांच्यामध्ये बारीक जाळं असतं. त्या जाळ्यात रक्ताचा जोर मोडतो. ईशानच्या मेंदूच्या मधोमध ते जाळं झालंच नव्हतं. रक्त दणकन थेट शिरेत घुसत होतं, शीर फुगून तिचा फुगा झाला होता, आणि सगळं रक्त डोक्याकडेच धावत असल्यानं हृदय दमून चाललं होतं.

"फार दुर्मीळ आहे," त्या म्हणाल्या. "पुण्याला न्यावं लागेल, आजच. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि डिंकासारखं औषध सोडून ती वाट बुजवतात. एवढ्या लहान बाळात धोका मोठा आहे. पण न करण्यात जास्त आहे."

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्या अंगावर लाल चट्टे आहेत का? जन्मापासूनचे? कुणी मेंदूत रक्तस्राव होऊन गेलंय?"

"न्हाई," आई म्हणाली. "आमच्या घरात कुणाला काय न्हाई. आमचे मालक हार्टनं गेले. तिच्या माहेरचं इचारा."

आज लोकांना हे पटत नाही, पण मला त्या क्षणी आईचं उत्तर खोटं वाटलं नाही. चट्टे म्हणजे रोग. आमच्या अंगावर होतं तो देवीचा प्रसाद होता. त्या दोन गोष्टी एका डोक्यात शेजारी शेजारी असल्या तरी त्यांची कधी गाठ पडली नव्हती. डॉक्टरांनी बाळाचा पाय उचलला. पोटरी कुंकवानं माखलेली.

"हे पुसू नगासा," आई म्हणाली. "देवाचं हाय."

डॉक्टर भल्या होत्या. त्यांनी पाय हळूच खाली ठेवला.

पुण्याचं फार सांगत नाही. सांगवत नाही. अॅम्ब्युलन्समध्ये वृषाली त्याच्या पायाचा अंगठा धरून बसली होती, कारण बाकी सगळ्या अंगाला काहीतरी चिकटवलेलं होतं. एकदा नळी घातली, वाट थोडी बुजली, दोन दिवस रंग सुधारला. उमेशनं गल्लीत पेढे वाटायचा फोनसुद्धा केला होता. मग लघवी थांबली. तिथल्या डॉक्टरांनी ईशानचं, वृषालीचं आणि उमेशचं रक्त घेतलं. मूळ दोष कुठून आला ते तपासू, पुढं उपयोगी पडेल, म्हणाले. पुढं म्हणजे कधी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. फेब्रुवारी उजाडायच्या आत ईशान गेला. मी ठेवलेलं नाव त्याला महिनाभरसुद्धा वापरायला मिळालं नाही.

घरी आल्यावर आईनं टाहो फोडला आणि मग जे बोलायला लागली ते थांबेचना.

"कात्री चालवली न्हवं गिराणात? डोस्क्यातलं जाळंच कापलं की लेकराचं! डागदरीण काय येगळं म्हणाली? जाळं न्हाई म्हणाली. मग कुठं गेलं जाळं?"

डॉक्टरांचं समजावणं आईनं असं घरी आणलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तेच सांगायची. बायका वृषालीकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. देवीनं बोट लावलेलं पोर हिनं घालवलं, हा गुन्हा साधा नव्हता. उमेश मूग गिळून बसला होता. कांड्या भरायला मीच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडातून निघालं असतं तर अर्धं भांडण मिटलं असतं. ते निघालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं चाललं होतं, आणि भाऊ माझा असला तरी मला त्याची लाज वाटत होती.

वृषालीचे वडील एस.टी.त कंडक्टर होते. ते येऊन लेकीला घेऊन गेले. जाताना आईनं त्यांना सुनावलं, "आता आमी सांगावा धाडल्याबिगर आणू नका."

सांगावा काही गेला नाही. उलट उन्हाळ्यात आई उमेशसाठी दुसरी मुलगी बघायच्या गोष्टी करायला लागली. मी भांडायला जयसिंगपूरहून, माझ्या सासरहून, दोनदा गेले.

"एका लेकरासाठी तिला टाकणार तू?"

"तुला काय कळतंय? तुला अजून मूलबाळ न्हाई."

हे तिनं बोलायला नको होतं. मी पाणी न पिता परत निघाले.

जुलैच्या सुरुवातीला डॉ. बिराजदारांचा उमेशला फोन आला. पुण्याहून रक्ताचा निकाल आलाय, दोघांनी मिळून या, घरचे कुणी येणार असतील तर त्यांनाही आणा. आई एका पायावर तयार झाली. दोष सुनेच्या रक्तात आहे हे डॉक्टरच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं आणि तिथंच सोक्षमोक्ष लावायचा, असा तिचा बेत होता. वाटेत तिनं तो मला मोकळेपणानं सांगितलासुद्धा.

खोली लहान होती. वृषाली वडलांबरोबर आधीच येऊन बसली होती. वाळली होती. उमेशकडे तिनं बघितलं नाही, आईला वाकून नमस्कार मात्र केला, आणि आईनं तो न बघितल्यासारखं केलं.

"सगळ्यांसमोर बोलू ना?" डॉक्टरांनी वृषाली आणि उमेशला विचारलं. दोघांनी मान हलवली.

"मग सरळ सांगते. आपल्या शरीरात रक्तवाहिन्या कशा जुळायच्या, कुठं जाळं व्हायचं, हे ठरवणारे काही गुण असतात. जनुकं म्हणतात त्यांना. आईकडून एक, वडलांकडून एक, अशा जोडीनं येतात. ईशानच्या त्या जोडीतला एक बिघडलेला होता. वृषालीचा तपासला. तो चांगला आहे." त्या उमेशकडे वळल्या. "तुमच्यात तोच बिघाड आहे. तुमच्याकडून आला."

वृषालीच्या वडलांनी डोळे मिटले.

"खोटं हाय," आई म्हणाली. "उमेशला काय झालंय? हा बघा की धडधाकट. मेंदूत बिघाड असता तर बारा माग चालवले असते का त्यानं?"

"बिघाड असला तरी सगळ्यांना मेंदूचा आजार होत नाही, आजी. बहुतेकांना काहीच त्रास नसतो. अंगावर फक्त खुणा असतात. लालसर, भोवती फिकट कडं असतं. हात लावला तर गरम लागतात, कारण खाली रक्त जोरात वाहतं." त्या थांबल्या. "तुम्हाला मी जानेवारीतही विचारलं होतं. घरात कुणाला अशा खुणा आहेत?"

"न्हाईत," आई म्हणाली.

ह्या वेळी ते खोटं होतं. तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे वटारले, जसे लहानपणी शाळेत जाताना वटारायची, बाही नीट खाली ओढली नसली की. उमेश फरशीकडे बघत होता. शर्ट काढून पाठ दाखवायला त्याला कितीसा वेळ लागला असता.

मी उठून बाही वर सारायला लागले. बाही घट्ट, माझीच शिवण, वर सरेना. मी हिसडा दिला तशी ती खांद्यापर्यंत उसवली.

"हे बघा, डॉक्टर."

"सुवर्णे!" आई ओरडली. "झाक ते! झाक म्हणतो न्हवं!"

"उमेशच्या पाठीवर आहे. ईशानच्या पोटरीवर होतं, कुंकवाखाली. आमच्या आण्णांच्या मानेवर होतं. आणि आण्णा हार्टनं नाही गेले. माग चालवता चालवता डोकं धरून खाली बसले आणि तासात गेले. डोक्यात रक्त झालं, असं सरकारी दवाखान्यात म्हणाले होते. आईला ते वंगाळ वाटलं म्हणून आम्ही हार्ट म्हणायला लागलो."

डॉक्टरांनी माझ्या दंडावर हात ठेवला. परक्या माणसाचा हात त्या जागेला पहिल्यांदाच लागत होता. देवी निघून जाईल ह्याची मला खरोखर भीती वाटली, हसू नका. तीस-पस्तीस वर्षांची भीती एका दुपारीत जात नाही.

"तुम्हाला मुलं?" त्यांनी विचारलं.

"नाहीत. पण..." हे मी अजून नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. "दोन महिने झालेत."

आईनं चमकून माझ्याकडे बघितलं. असल्या ठिकाणी, असल्या वेळी तिला ही बातमी कळत होती.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "बिघाड बाळात यायची शक्यता निम्मी. आला तरी बहुतेकदा खुणांवर भागतं. मेंदूपर्यंत जाणारे थोडे. पण आता आपल्याला माहीत आहे, तेव्हा सोनोग्राफीत लक्ष ठेवून बघता येईल. गरज पडली तर मोठ्या हॉस्पिटलातच बाळंतपण करू. ईशानच्या वेळी आपल्याला काहीच माहीत नव्हतं."

मग वृषाली बोलली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"डॉक्टर, मी ग्रहणात कात्री चालवली होती."

"बरं?"

"त्यानं काही... जाळं..."

"नाही. कात्रीनं नाही, ग्रहणानं नाही, तू खाल्ल्या-प्यायल्यानं नाही. गर्भ राहिला त्याच घडीला ते ठरून गेलं होतं. तू काही केलं नाहीस, आणि काही करून ते टाळताही आलं नसतं. हे उमेशनंही केलेलं नाही. त्याला त्याच्या वडलांकडून मिळालं, त्यांना त्यांच्या आईकडून किंवा वडलांकडून."

वृषालीनं पदर तोंडात कोंबला आणि ती रडायला लागली. पाच महिने तिनं हे कुणाला विचारलं नसणार. तिच्या वडलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईकडे बघितलं. मीही बघितलं. आता आई भांडणार, डॉक्टरला खोटं पाडणार, अशा तयारीनं मी बसले होते.

आई भांडली नाही. ती डॉक्टरांकडे एकटक बघत होती.

"आणि शेंगा?" तिनं विचारलं.

"कसल्या शेंगा?"

"घेवड्याच्या. गिराणात सोलल्या तर?"

डॉक्टरांना काही उमगेना. मलाही उमगेना.

"कुणी सोलल्या, आजी?"

"मी. ही सुवर्णी व्हायच्या आदी. सहावा हुता मला. भूक लागली, परसात वेलाला शेंगा हुत्या, चार सोलून खाल्ल्या. सासूनं बघितलं." आईचा आवाज अगदी बारीक झाला होता, घरच्या दारात कुणी अनोळखी उभं राहून बोलावं तसा. "मुलगा झाला. त्याच्या पायावर बी बोट हुतं. दूध ओढायचा न्हाई. घाम यायचा. डोस्क्यावर शिरा... अशा." तिनं स्वतःच्या कानशिलावर बोट फिरवलं. "धा दिवसांत गेला."

माझ्याआधी घरात कुणीतरी होऊन गेलं होतं, एवढंच मला माहीत होतं. त्याच्याबद्दल विचारलं की आई काम काढून उठून जायची. ती का उठून जायची ते मला त्या खोलीत कळलं.

"सासू म्हणाली, शेंग उकलावी तसं तू लेकराचं डोस्कं उकललंस. मरस्तवर म्हणाली. मला बी ते खरंच वाटलं. मीच खाल्ल्या हुत्या की. कुणी तोंडात घातल्या न्हवत्या." ती डॉक्टरांच्या टेबलावर वाकली. "म्हंजी मी न्हवतं केलं?"

"नाही, आजी. तुम्ही नव्हतं केलं."

"नीट सांगा बाई. शेंगांनी न्हाई?"

"शेंगांनी नाही."

आई मागे टेकली. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. हातातली पिशवी तिनं नुसती मांडीवर घेतली आणि तिचे बंद नीट करत राहिली.

बाहेर कट्ट्यावर आम्ही बसलो. उमेश गाडी आणायला गेला होता. वृषाली आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्याचं नाव काय ठेवलं होतं?" तिनं आईला विचारलं.

"न्हाई ठेवलं. बारशाआदीच गेला न्हवं."

वृषाली म्हणाली, "तुम्हाला एवढं सोसावं लागलं. मग मला का तेच केलंत?"

आईनं वर बघितलं.

"मला वाटलं, आईनंच केलेलं असतंय," ती म्हणाली. "माझं तसंच हुतं, तुझं बी तसंच असंल."

"आता मला घरी चल म्हणणार आहात का?"

"तोंड न्हाई मला. तू म्हणशील तसं."

"मी येणार नाही," वृषाली म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "तुमच्यावर राग आहे म्हणून नव्हे. तो आहेच. पण कांड्या भरायला मला कुणी बसवलं ते तुमच्या लेकाला माहीत होतं, आणि स्वतःच्या पाठीवर काय आहे तेही. आतासुद्धा बाही अक्कांना उसवावी लागली." तिनं माझ्या उसवलेल्या बाहीकडे बघितलं, पर्समधून पिन काढली आणि माझी बाही लावून दिली. मग ती वडलांमागून स्टँडकडे निघून गेली.

ती परत आली नाही. उमेश दोनदा गडहिंग्लजला जाऊन आला. त्याला चहा मिळाला, बायको मिळाली नाही. आता तिचं दुसरं लग्न झालंय, मुलगा आहे. मला ती दिवाळीला फोन करते. उमेशनं पुन्हा लग्न केलं नाही. आईनंही तो विषय पुन्हा काढला नाही.

ईशान गेला त्याच वर्षी डिसेंबरात सकाळी सूर्यग्रहण होतं. मी बाळंतपणासाठी माहेरी आले होते. सातवा सरला होता आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला सोनोग्राफी होती. बाळाच्या मेंदूतली ती शीर आता नीट दिसेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. रात्रभर मला झोप नव्हती.

ग्रहण लागलं तशी गल्लीतली दारं धडाधड लागली. आईनं मात्र दार उघडलं. सुपात घेवड्याच्या शेंगा घेतल्या, बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली आणि सगळ्यांना दिसेल अशी एकेक शेंग सोलायला लागली. ऊन पिवळट, आजारी पडलं होतं.

समोरच्या खिडकीतून शेजारीण ओरडली, "इंदूताई, गिराण लागलंय! घरात पोटुशी पोर हाय, याड लागलं का तुमास्नी?"

"ठाव हाय मला," आई म्हणाली आणि पुढची शेंग उकलली.

मी उंबऱ्यात उभी होते. आत थांबावं की बाहेर जावं कळत नव्हतं. शेवटी भिंतीला धरून गेले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. आईनं माझ्या पोटाकडे बघितलं. तिचा हात थांबला. ती घाबरली होती, मला स्पष्ट दिसलं. मीही घाबरले होते. खोटं कशाला बोलू?

मग तिनं सूप आमच्या दोघींच्या मध्ये सरकवलं.

"सोल," ती म्हणाली. "दोघींनी केलं की लवकर हुतंय."